दाखल करण्याआधी

एसटी स्टँडच्या भिंतीवर, लोकलच्या डब्यात, गावाकडच्या विजेच्या खांबावर एक जाहिरात वर्षानुवर्षं चिकटलेली दिसते: पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा. खाली मोबाइल नंबर. लिहिणाऱ्याला घरच्यांची दुखरी नस बरोबर सापडली आहे. सांगून, रडून, भांडून बायको थकलेली असते. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा मोडून झालेल्या असतात, गळ्यातली माळ खुंटीवर गेलेली असते. अशा वेळी त्याच्याशी एक शब्दही न बोलता, आमटीत काहीतरी कालवून सुटका होणार असेल तर ती कोणाला नको असेल?

त्या पुड्यांमध्ये काय असतं ते विकणाऱ्यालाच ठाऊक. पण असं चोरून दिलं जाणारं एक खरंखुरं औषधही आहे, डायसल्फिराम. त्याची जन्मकथा मजेशीर आहे. रबराच्या कारखान्यात या जातीच्या रसायनांशी काम करणाऱ्या मजुरांना दारू सोसेनाशी होते, हे १९३७ साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरने नोंदवून ठेवलं होतं; त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे १९४०च्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सेन हे दोघे संशोधक डायसल्फिराम पोटातल्या जंतांवर चालेल का, ते पाहत होते. त्यांनी गोळ्या आधी स्वतःच घेऊन पाहिल्या. नंतर नेहमीसारखा पेला तोंडाला लावला आणि चेहरा लालबुंद, छातीत धडधड, पोटात ढवळाढवळ. दोघांचीही तीच गत झालेली पाहून त्यांना उलगडा झाला, आणि जंतांचं औषध दारूचं औषध होऊन बसलं. शरीरात दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते पुढे मोडून निरुपद्रवी होतं. ही दुसरी पायरी डायसल्फिराम अडवून धरतं. विष साठत जातं आणि पिणाऱ्याला पळता भुई थोडी होते.

ज्याला हे सगळं सांगितलं आहे, ज्याची तपासणी झाली आहे, त्याच्यासाठी हे चांगलं हत्यार आहे. सकाळी घरच्यांसमोर गोळी घेतली की त्या दिवसापुरता निकाल लागला. संध्याकाळी गुत्त्यासमोरून जाताना मनाशी कुस्ती खेळायला नको. पण ज्याला काहीच माहीत नाही तो रोजच्यासारखी क्वार्टर मारतो. गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, त्यामुळे ‘आज दिली नव्हती’ हा घरच्यांचा हिशेबही खोटा ठरतो. रक्तदाब कोसळतो, हृदय आधीच कमकुवत असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी तीच असते. एकाने ती घेतलेली असते, दुसऱ्याला ती घातलेली असते.

व्यसनमुक्ती केंद्र निवडतानाही माझ्या मते हेच आधी पाहावं: इथे उपचार माणूस घेतो, की त्याच्यावर घातले जातात? बाकी इमारत, बाग, फी, जेवण हे सगळं नंतर.

मात्र त्याहीआधी एक गोष्ट. घरातले लोक पहिला फोन करतात तेव्हा विचारतात, ‘किती दिवस ठेवता?’ म्हणजे ठेवायचं हे ठरूनच गेलेलं असतं. व्यसनाचा उपचार म्हणजे कुठेतरी नेऊन ठेवणं, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे आणि तिच्यामुळे नुकसानही फार होतं. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज. दारूच्या पूर्ण कह्यात गेलेल्यांपैकी ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळालेला होता, आणि दाखल होऊन उपचार घेतलेला तर १८० जणांमागे एक. उरलेल्यांना दाखल करायचं म्हटलं तर तेवढ्या खाटा आणायच्या कुठून? आणि मुळात त्यातल्या पुष्कळांना खाट लागतच नाही.

याचा एक चांगला दाखला आपल्या शेजारीच आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, प्रमाणाबाहेर पिणाऱ्या पुरुषांसाठी एक साधी पद्धत बसवली. डॉक्टर नाही, मानसशास्त्राची पदवी नाही, अशा स्थानिक तरुण-तरुणींना शिकवून तयार केलं. त्यांनी पिणाऱ्याशी जास्तीत जास्त चार वेळा बसून बोलायचं: कधी पितोस, कोणाबरोबर, त्याने काय बिघडतंय, तुला स्वतःला काय हवंय, आणि तलफ आली की करणार काय. हा प्रयोग शास्त्रीय शिस्तीने तपासला गेला आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तीन महिन्यांनी, ज्यांच्याशी असं बोलणं झालं त्यांच्यातले ३६ टक्के लोक धोक्याच्या पिण्याबाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. हे अगदी शेवटच्या टोकाला गेलेले लोक नव्हते, हे खरं. पण शेवटच्या टोकाला जाईपर्यंत वाट पाहायचीच कशाला? जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची ओपीडी, गावातला ओळखीचा डॉक्टर, एखादा चांगला समुपदेशक, इथून सुरुवात झाली तर बऱ्याच घरांना केंद्राच्या फाटकापर्यंत जावंच लागणार नाही.

मग दाखल कोणाला करायचं? ज्याचं सोडणंच धोक्याचं आहे त्याला. आपल्याकडे गटारी अमावास्येला मनसोक्त पिऊन श्रावणभर बाटलीला हात न लावणारे पुष्कळ. ‘मी श्रावण पाळतो, मला कसलं व्यसन?’ हा त्यांचा हुकमी एक्का. महिनाभर थांबता येणं आणि व्यसन नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भाद्रपदात काय होतं ते पाहावं. डॉक्टरच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहेत श्रावणाचे पहिले चार दिवस. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, अंगावर किडे चालतात, माणूस वेळकाळ विसरतो. ही अवस्था उपचाराविना जीवघेणी ठरू शकते. ज्याला पूर्वी कधी असं झालं आहे त्याने घरी, आपल्या हिकमतीवर दारू सोडू नये. रुग्णालयात क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या देऊन त्या मोजून-मापून उतरवत नेतात, आणि ब-१ जीवनसत्त्व भरपूर देतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेलं असतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेल्यांचीही तीच गोष्ट. त्या एका झटक्यात बंद केल्या तर फिट येऊ शकते.

ब्राऊन शुगरवाल्यांची ‘टर्की’, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, दिसायला याहून भयंकर. नाक-डोळे वाहतात, जुलाब, उलट्या, हाडं कोणी पिळून काढावीत तसं दुखणं, रात्रभर लोळण. एरवी धडधाकट असलेला माणूस त्यातून सहसा दगावत नाही, पण तलफ सहन न होऊन पळून मात्र जातो. गांजा सोडणाऱ्याला चिडचिड होते, झोप लागत नाही, भूक जाते. त्यासाठी खाटेची गरज क्वचितच.

म्हणून केंद्राला पहिला प्रश्न: रात्री दोन वाजता याला फिट आली तर इथे कोण असेल? ‘डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात’ हे उत्तर मिळालं तर दारूच्या जुन्या रुग्णाचे पहिले सात-आठ दिवस आधी रुग्णालयात काढावेत आणि मग केंद्राचा विचार करावा. अंगातली नशा उतरवणं ही फक्त पूर्वतयारी आहे. केवळ तेवढं करून घरी पाठवणाऱ्या ठिकाणाला मी व्यसनमुक्ती केंद्र म्हणणार नाही.

उपचार त्यापुढे सुरू होतात, आणि तिथे पंथ अनेक. महाराष्ट्रात ज्याचं नाव आधी निघतं ते पुण्याचं ‘मुक्तांगण’. अनिल अवचटांनी १९८०च्या दशकात गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या पोरांवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी आर्थिक मदत देऊ केली. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने, त्याच आवारात, २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. तिथे एक गोष्ट वेगळी होती आणि तिचे पडसाद पुढे महाराष्ट्रभर उमटले: व्यसनातून बाहेर आलेली माणसंच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली. समोरच्याने स्वतः पन्नीवर गर्द ओढलेली आहे म्हटल्यावर नव्या पोराची थापा मारायची सोय राहत नाही, आणि शरमही कमी होते.

याचं मूळ १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात आहे. न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन आणि अॅक्रनचाच शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ, दोघे पक्के दारुडे, एकमेकांशी बोलत बोलत कोरडे राहिले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’, उभी राहिली. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही, डॉक्टर नाही. आज मुंबई-पुण्यातच काय, लहान शहरांतही शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये एएच्या मिटिंगा होतात. वांद्र्याला फादर जोसेफ परेरांनी १९८१ साली सुरू केलेल्या ‘कृपा’ने एएच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला अय्यंगार योगाची जोड दिली. पुष्कळ डॉक्टर पूर्वी एएकडे भजनी मंडळाकडे पाहावं तसं पाहायचे. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसलं की सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एएशी जोडून देणारे शिस्तबद्ध उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा थोडे सरसच ठरतात. वारीची माळ घालून सुटलेल्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही. त्यांनाही माळेइतकीच दिंडीची सोबत लागलेली असते.

सोबतीची ही ताकद उलटीही फिरते. कॅलिफोर्नियात १९५८ साली चार्ल्स डीडरिच या एए सोडलेल्या माणसाने ‘सिनॅनॉन’ काढलं. तिथे रोज गोल करून बसायचं आणि मध्ये घेतलेल्याला शिव्यांनी सोलून काढायचं, म्हणजे त्याचा अहंकार गळेल, असा सिद्धांत. मोठमोठे लोक ते पाहायला यायचे, कौतुक करायचे. वीस वर्षांत त्याचा एक हिंसक पंथ झाला. १९७८ साली संस्थेविरुद्ध खटला चालवणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत खुळखुळ्या साप सोडण्यापर्यंत मजल गेली. सिनॅनॉन बुडालं, पण अपमान करून माणूस सुधारतो ही कल्पना जगभरच्या केंद्रांत मागे राहिली. आपल्याकडेही ‘शिस्त’ या नावाखाली टक्कल करणं, संडास घासायला लावणं, फटके देणं चालतं. ज्याला घरात आणि चौकात रोज अपमानच मिळाला त्याला आणखी अपमानाचा डोस देऊन काय साधणार?

कायदाही याबाबतीत स्पष्ट आहे, पण तो घरच्यांना कोणी सांगत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था आजारांत धरल्या आहेत. अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या ठिकाणाची नोंदणी असायला हवी. महाराष्ट्रात ती राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे होते. रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. जबरदस्तीने मुंडण करता येत नाही, कामाला जुंपता येत नाही, आणि घरच्यांशी संपर्काचा हक्क आहे. रुग्ण तयार नसताना दाखल करायची वाट कायद्यात आहे, पण ती अरुंद: स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका हवा किंवा स्वतःची देखभालच अशक्य झालेली हवी, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायला हवं, आणि मुदत सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच. रात्री गाडी आणून चार धटिंगण माणसाला झोपेतून उचलून नेतात आणि ‘सहा महिने भेटायचं नाही’ असं सांगतात, त्यात यातलं काहीच नसतं. घरच्यांना त्या रात्री हायसं वाटतं, हे मी समजू शकतो. परत आलेला माणूस मात्र बहुधा दारूपेक्षा घरच्यांवर जास्त चिडलेला असतो.

आता एका वादाच्या विषयाकडे. आपल्या बहुतेक केंद्रांचा धर्म संपूर्ण वर्ज्य हा आहे, आणि दारूच्या बाबतीत तो मला पटतो. ब्राऊन शुगर, अफू, हेरॉइन यांच्याबाबतीत मात्र नुसत्या निर्धारावर विसंबणं धोक्याचं आहे. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर या डॉक्टर जोडप्याने हेरॉइनच्या २२ रुग्णांना रोज मेथाडोन देऊन पाहिलं आणि १९६५ साली निष्कर्ष छापले: तलफ शमते, माणूस शिक्षण-नोकरीकडे वळतो. पुढे ब्युप्रेनॉर्फिन आलं. पंजाबने २०१८पासून ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्झोन देणारी बाह्यरुग्ण केंद्रं काढली, आणि एड्स नियंत्रण संस्थेमार्फत सुया टोचणाऱ्यांसाठी देशभर अशी केंद्रं चालतात. ‘एक नशा सोडवून दुसरी लावायची’ हा आक्षेप मराठी घरांत हमखास निघतो. त्याला उत्तर असं: या औषधाने माणूस झिंगत नाही, कामावर जातो, आणि मुख्य म्हणजे जिवंत राहतो. दोन महिने केंद्रात कोरडा राहिलेल्याच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर पडल्यावर त्याने पूर्वीएवढीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो. व्यसन चालू असतानाच्या दिवसांपेक्षा सुटीनंतरचे पहिले काही आठवडे जास्त मारक असतात. म्हणून अफूवर्गातल्या नशेसाठी केंद्र पाहताना, ‘ही औषधं तुम्ही देता का, देत नसाल तर कुठे पाठवता?’ हे विचारावंच. दारूसाठीही नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट ही तलफ कमी करणारी औषधं आहेत. त्यांचं नावही न काढणारा डॉक्टर अर्धाच उपचार करतो आहे.

केंद्र पाहायला जाताना रुग्णालाही घेऊन जावं, आणि शक्यतो केंद्राला न कळवता जावं. कार्यालयातल्या सोफ्यावर बसून परत येऊ नये. स्वयंपाकघर, झोपायची खोली, संडास पाहावेत. दिवसभराचा कार्यक्रम भिंतीवर लावलेला असेल तर त्या वेळी तो खरंच चालू आहे का ते पाहावं. दुपारी सगळे टीव्हीपुढे पेंगत असतील तर तुम्ही लॉजचे पैसे भरणार आहात. फी लेखी घ्यावी. शंभर टक्के खात्री देणाऱ्याला नमस्कार करून निघावं, कारण व्यसन परत उलटण्याचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के आहे आणि रक्तदाब, दम्यासारख्या दीर्घ आजारांतही औषध-पथ्य सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण याच पट्ट्यात किंवा याहून जास्त असतं. महागडं म्हणजे चांगलं हेही खरं नाही. केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात ती केंद्रं साधी असतात, पण त्यातली काही उत्तम आहेत; १४४४६ या मोफत क्रमांकावर त्यांची माहिती मिळते.

सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न सुटीच्या दिवसाचा आहे. व्हिएतनाममध्ये गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचवा हिस्सा तिथे हेरॉइनच्या आहारी गेला होता. ते परतले तेव्हा देशाने धसका घेतला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेने त्यांचा माग काढला तर पहिल्या वर्षात त्यातले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास पुन्हा व्यसनी झाले होते. त्यांचा मुलुख बदलला होता, पुडी विकणारा हजारो मैल मागे राहिला होता. आपला रुग्ण नेमका उलटा प्रवास करतो. केंद्राच्या शांततेतून तो थेट त्याच गल्लीत येतो, तेच मित्र, तोच पगाराचा दिवस, तोच नाक्यावरचा परमिट रूम, आणि पंधरा दिवसांवर आलेली चुलतभावाची हळद. यासाठी केंद्राने काय आखलं आहे? आठवड्याचा फॉलोअप आहे का, त्याच्या गावाजवळ कार्यकर्ता आहे का, एएच्या मिटिंगचा पत्ता दिला का, औषधं कोण देणार?

आणि घरच्यांसाठी काय आहे? पंधरा वर्षं खिसे तपासणारी, आवाजावरून किती प्यायलाय ते ओळखणारी बायको एका महिन्यात विश्वास टाकू शकत नाही. मुक्तांगणमध्ये बायकांचा ‘सहचरी’ गट आहे, एएच्या बाजूने अॅल-अॅनॉन आहे. नवरा दाखल असताना बायकोला एकदाही बोलवत नाहीत, फक्त फी भरायला बोलवतात, अशा ठिकाणी दोनदा विचार करावा. तिचाही उपचार बाकी असतो. ती पैसे हातात द्यायचे की नाही, लग्नाला एकट्याला पाठवायचं की नाही, हे रोजचे प्रश्न कोणाला विचारणार?

शेवटी ‘स्लिप’ झाली तर. आठ महिने चांगला राहिलेला माणूस विसर्जनाच्या रात्री पिऊन आला, तर सकाळी केंद्राला फोन केल्यावर पलीकडून काय ऐकू येईल हे दाखल करण्याआधीच विचारून ठेवावं. ‘पुन्हा तीन महिन्यांचे पैसे भरा आणि आणून सोडा’ म्हणणारे आहेत. ‘आता आमच्याकडे जागा नाही, याने विश्वासघात केला’ म्हणणारेही आहेत. आणि काही विचारतात, ‘किती घेतली, कधीपासून, आत्ता कसा आहे? शुद्धीवर असेल तर त्याच्याकडे फोन द्या.’